‘सीबीडीने दाह कमी होतो’ असे सांगणारा शोधनिबंध कसा तपासावा

दरवर्षी एम.फार्म.च्या सेमिनारचे विषय ठरू लागले, की दोन-तीन विद्यार्थी तरी कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, हा विषय घेऊन येतात. आणि अधूनमधून नात्यातले किंवा शेजारचे कोणीतरी गुडघेदुखीसाठी मागवलेली ड्रॉपरची तपकिरी बाटली पुढे करून विचारते, की हे घ्यावे का. दोघांच्याही हाती बहुधा एकच वाक्य असते: ‘सीबीडीमध्ये दाहशामक आणि अँटिऑक्सिडंट गुणधर्म असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे.’ हे वाक्य खोटे नाही. मात्र ते कशात दिसून आले, किती मात्रेला दिसून आले आणि दिसले म्हणजे नेमके काय मोजले, या तिन्ही गोष्टी त्यातून गळलेल्या असतात, आणि नागपुरात इतकी वर्षे औषधशास्त्र शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे, की या विषयातला सगळा घोळ त्या गळलेल्या भागातच असतो.

पुढील मजकूर तो भाग शोधून कसा काढावा याविषयी आहे. विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला असला, तरी बारावीचे रसायनशास्त्र थोडेफार आठवणाऱ्या कोणालाही तो जमावा. साधन एकच लागते: आडवी धरलेली वही आणि तिच्यात आखलेले चार रकाने. पहिला ‘कशात’, दुसरा ‘किती’, तिसरा ‘कोणत्या वाटेने’ आणि चौथा ‘काय मोजले’. निबंध हाती आल्यावर प्रस्तावना आणि निष्कर्ष बाजूला ठेवावेत, ‘पद्धती’ हा सर्वांत रूक्ष भाग उघडावा आणि हे चार रकाने भरल्याशिवाय पुढे सरकू नये. निष्कर्ष आधी वाचला, की मन त्याच्या बाजूने झुकते आणि मग पद्धतीतले दोष दिसेनासे होतात.

रेणूची जुजबी ओळख

सीबीडी हा कॅनाबिसच्या, म्हणजे आपल्या भांगेच्या झाडातला एक घटक आहे. तो १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर अॅडम्स यांनी वेगळा केला. त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये राफाएल मेकूलम यांच्या इस्रायलमधील गटाने उलगडली आणि पुढच्याच वर्षी त्याच गटाने नशा आणणारा टीएचसी हा घटक शुद्ध स्वरूपात मिळवला. गमतीचा भाग असा, की दोन्ही रेणूंचे सूत्र एकच आहे: कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू. फरक जोडणीचा आहे. टीएचसीमध्ये एक जास्तीचे कडे मिटलेले असते. सीबीडीमध्ये ते उघडे राहते आणि त्यामुळे त्याच्या अंगावर एकाऐवजी दोन फिनॉल गट मोकळे असतात. मेंदूतील ज्या सीबी-१ ग्राहीला (ग्राही म्हणजे रेणू ज्यावर येऊन बसतो ते पेशीवरचे प्रथिन) धरून टीएचसी नशा आणतो, तिला सीबीडी फारच सैल धरतो. रेणुभार सुमारे ३१४.५, हा आकडा वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा, कारण पुढे तो वारंवार लागणार आहे.

(ही वनस्पती आपल्या भागाला परकी नाही. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतात खांडव्याकडे परवान्याने गांजाची लागवड होत असे, आणि १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने इथल्या साक्षी नोंदवल्या होत्या. त्या काळी सीबीडी हे नाव कोणाच्या स्वप्नातही नव्हते.)

शब्दांबद्दलही एक सूचना. आपण ‘दाह’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला पोटातली किंवा डोळ्यांतली आग आठवते, आणि ‘सूज’ म्हणतो तेव्हा फुगलेला घोटा. शोधनिबंधातला दाह यापेक्षा व्यापक असतो: इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर प्रतिकारक पेशींनी उभारलेली ती सगळी मोहीम असते, आणि मधुमेही माणसाच्या हृदयस्नायूत ती काहीही न दुखता, न सुजता वर्षानुवर्षे मंद चालू राहू शकते. म्हणून ‘दाह कमी झाला’ या शब्दांचा अर्थ ‘दुखणे कमी झाले’ असा परस्पर लावू नये. माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांची पहिली चूक इथेच होते.

पहिला रकाना: कशात

सीबीडीवरील बहुसंख्य कामाची सुरुवात पेशींच्या तबकडीत होते. उंदराच्या मॅक्रोफेज पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारक पेशी, तबकडीत वाढवतात. त्यांवर जिवाणूंच्या आवरणातला एलपीएस नावाचा पदार्थ टाकतात. पेशींना वाटते, हल्ला झाला. एरवी पेशीद्रवात बांधून ठेवलेले एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन मोकळे होऊन केंद्रकात शिरते आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-१-बीटा, आयएल-६ यांसारखे दाहाचे निरोपे तयार करण्याचा हुकूम सोडते. तबकडीत आधी सीबीडी घातले असेल, तर या निरोप्यांचे प्रमाण घटलेले अनेक प्रयोगशाळांना आढळले आहे. निरीक्षण खरे आहे आणि ते पुन्हा पुन्हा आलेले आहे. पण रकान्यात ‘उंदराच्या पेशी, तबकडी’ असेच लिहावे, ‘दाह’ असे लिहू नये. तबकडीला यकृत नसते, आतडे नसते, आणि ती दुपारी जेवतही नाही.

याच्या वरची पायरी म्हणजे जिवंत प्राणी. इथे मी विद्यार्थ्यांना दोन निबंध शेजारी ठेवून वाचायला सांगते. पहिला लंडनमधील माल्फे आणि सहकाऱ्यांचा, २००० सालचा. त्यांनी कोलॅजन टोचून उंदरांमध्ये संधिवातासारखा आजार निर्माण केला, लक्षणे दिसू लागल्यानंतर सीबीडी सुरू केले आणि सांध्यांची झीज तसेच टीएनएफ दोन्ही कमी झाल्याचे दाखवले. ‘लक्षणे दिसू लागल्यानंतर’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. कित्येक प्राणी-प्रयोगांत औषध आजार निर्माण करण्याच्या आधीच दिलेले असते, आणि आपल्या दवाखान्यांत गुडघा दुखण्याच्या आठवडाभर आधी कोणी येत नाही.

दुसरा निबंध २००६ सालचा, कॅरियर आणि सहकाऱ्यांचा. सीबीडी नेमके कोणत्या मार्गाने काम करते, असा त्यांचा प्रश्न होता. पेशी अॅडेनोसिन नावाचा रेणू आत ओढून घेतात, ती ओढ सीबीडी रोखते. त्यामुळे बाहेर साचलेले अॅडेनोसिन ए-२-ए नावाच्या ग्राहीवर बसून दाहाला लगाम घालते, असे त्यांचे म्हणणे. ते त्यांनी कसे पडताळले, हे पाहण्यासारखे आहे. ए-२-ए ग्राहीच नसलेल्या उंदरांना एलपीएस आणि सीबीडी दिले, तर टीएनएफ खाली आलेच नाही. कुलूपच काढून टाकले आणि किल्ली निरुपयोगी ठरली, म्हणजे किल्ली त्याच कुलपाची होती. कार्यमार्गाचा दावा करणाऱ्या निबंधात असा ‘कुलूप काढून पाहण्याचा’ प्रयोग आहे का, हे शोधावे. तो नसेल, तर आकृतीत कितीही बाण काढलेले असोत, तो मार्ग अजून अंदाजाच्याच पातळीवर आहे असे समजावे. सीबीडीच्या बाबतीत पीपीएआर-गॅमा, टीआरपीव्ही-१, ५-एचटी-१-ए, जीपीआर-५५ अशी बरीच नावे घेतली जातात. एकच रेणू इतक्या ठिकाणी हात घालतो असे दिसले, की मला कुतूहलापेक्षा शंका अधिक वाटते, आणि त्या शंकेचे उत्तर दुसऱ्या रकान्यात सापडते.

दुसरा रकाना: किती

या रकान्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण इथे मत चालत नाही, गणित चालते.

तबकडीतील मात्रा मायक्रोमोलरमध्ये दिलेली असते आणि रक्तातील मात्रा बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय तुलना करता येत नाही. मायक्रोमोलरला रेणुभाराने गुणले, की नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतात. पेशींवरील प्रयोगांत १० मायक्रोमोलर ही मात्रा नेहमी दिसते. १० गुणिले ३१४.५ म्हणजे ३,१४५ नॅनोग्रॅम.

आता माणसाकडे यावे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना शुद्ध सीबीडीचा १,५०० मिलिग्रॅमचा एकच डोस उपाशीपोटी दिला, तेव्हा रक्तातील सर्वोच्च पातळी सरासरी २९२ नॅनोग्रॅमच्या आसपास गेली. म्हणजे तबकडीतली मात्रा तिच्या दहापटीहून थोडी अधिक झाली. तोच डोस भरपूर स्निग्ध न्याहारीबरोबर दिला, तर पातळी जवळपास पाचपट वाढली. सीबीडी तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. पोटात तेलतूप असेल तरच ते बऱ्यापैकी शोषले जाते. तेव्हा तर्रीदार सावजी जेवणानंतर घेतलेला आणि एकादशीच्या उपाशीपोटी घेतलेला डोस, बाटलीवर आकडा एकच असला, तरी शरीराच्या दृष्टीने दोन वेगळे डोस आहेत. न्याहारीसह घेतलेल्या डोसची पातळी धरली तरीही तबकडीतली मात्रा जवळपास दुप्पट राहते. शिवाय रक्तातले ९४ टक्क्यांहून अधिक सीबीडी प्रथिनांना चिकटलेले असते आणि मोकळे उरलेलेच पेशीत शिरते. तबकडीच्या द्रवात प्रथिने फारच कमी असतात, त्यामुळे प्रत्यक्षातली तफावत या आकड्यांहून मोठी असते. आणि हे सगळे १,५०० मिलिग्रॅमबद्दल चालले आहे, जो डोस बाजारातली बाटली घेणारा कोणी एका वेळी घेत नाही.

म्हणून मी एक कामचलाऊ नियम लावते: १ मायक्रोमोलरच्या आत परिणाम दिसला असेल तर निबंध पुढे वाचावा, ५ ते २० मायक्रोमोलरलाच दिसला असेल तर समासात प्रश्नचिन्ह घालावे. अशा मात्रेला तेलकट रेणू पेशीच्या आवरणातच घुसतो आणि मग त्याने कशालाही हात घातल्यासारखे दिसते. वर जी ग्राहींची लांबलचक यादी दिली, तिच्यातील काही नावे याच कारणाने आली असावीत, असे माझे मत आहे.

प्राण्यांच्या मात्रेसाठी वेगळा हिशोब लागतो. उंदराचा मिलिग्रॅम-प्रति-किलो डोस थेट माणसाच्या वजनाने गुणणे ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. लहान प्राण्याचे शरीर औषध वेगाने वापरते. म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या आधारे रूपांतर करतात, आणि त्यासाठी उंदराचा डोस १२.३ ने, प्रयोगशाळेतील मोठ्या उंदराचा, म्हणजे रॅटचा, ६.२ ने भागतात. माल्फे यांच्या प्रयोगात तोंडावाटे २५ मिलिग्रॅम प्रति किलो हा डोस सर्वांत उपयोगी ठरला होता. भागाकार केला, की सुमारे २ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२२ मिलिग्रॅमच्या आसपास. हा पहिल्या चाचणीसाठी घेतलेला अंदाज असतो, औषधाची चिठ्ठी नव्हे. पण उंदराच्या आकड्याला माणसाच्या मापाने पाहण्याची सवय त्यातून लागते.

याच निबंधातील आणखी एक गोष्ट वहीत टिपून ठेवावी. मात्रा वाढवत नेली तसा परिणाम वाढत गेला नाही. आधी वाढला आणि मग घटला. आलेख घंटेच्या आकाराचा आला. ‘थोड्याने गुण आला, दुप्पट घेतो’ हा घरगुती हिशोब इथे उलटा पडू शकतो.

तिसरा रकाना: कोणत्या वाटेने

हा लवकर भरतो. पोटाच्या पोकळीत इंजेक्शन, तोंडावाटे, वाफ ओढून, की त्वचेवर लावून, एवढेच लिहायचे. तोंडावाटे घेतलेल्या सीबीडीपैकी साधारण ६ टक्केच रक्तापर्यंत पोहोचते, उरलेल्याची विल्हेवाट बहुतांश यकृत पहिल्याच फेरीत लावते. त्यामुळे इंजेक्शनच्या प्रयोगावरून थेंबांची जाहिरात केलेली दिसली, तर तिथेच थांबावे. माल्फे यांना पोटातील इंजेक्शनने ५ मिलिग्रॅम प्रति किलो पुरले होते आणि तोंडाने पाचपट लागले होते, हे याचेच उदाहरण.

चौथा रकाना: काय मोजले

अँटिऑक्सिडंट हा शब्द इथे तपासायचा असतो, आणि तो तपासण्यासाठी आपल्या प्रयोगशाळेतली एक फजिती सांगणे मला सोयीचे वाटते.

डीपीपीएच नावाचे एक गडद जांभळे रसायन असते. त्याचा रेणू मुळात मुक्त मूलक, म्हणजे एका इलेक्ट्रॉनसाठी हपापलेला असतो. मिथेनॉलमध्ये त्याचे द्रावण करून त्यात नमुना टाकतात. नमुन्याने इलेक्ट्रॉन दिला, की जांभळा रंग फिका होत पिवळसर पडतो आणि ५१७ नॅनोमीटरवरील शोषण घटते. जितके घटले, तितका नमुना ‘अँटिऑक्सिडंट’. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक विद्यार्थिनी संत्र्याच्या सालीच्या अर्कावर हा प्रयोग करत होती. बाहेर पंचेचाळीस अंश, प्रयोगशाळेतला कूलर नुसताच गरम वारा फेकणारा, आणि डीपीपीएचची बाटली खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात. तिने सकाळी कोरे, म्हणजे नमुना न घातलेले, द्रावण मोजले तेव्हा शोषण ०.९० होते, अर्काचे नमुने तिने जेवणानंतर मोजले आणि सगळेच्या सगळे उत्तम निघाले. संशय आला म्हणून कोरे द्रावण पुन्हा मोजायला लावले, तर तेच ०.७२ वर आले होते. म्हणजे सूत्रात नुसते मिथेनॉल घातले असते, तरी ते ‘२० टक्के अँटिऑक्सिडंट’ निघाले असते. ते श्रेय अर्काचे नव्हते, उन्हाचे होते. ती मुलगी रडवेली झाली; पण त्यानंतर तिने कोरे द्रावण प्रत्येक नमुन्याबरोबर आणि काळ्या कागदात गुंडाळूनच मोजले.

सांगायचे इतकेच, की परीक्षानळीत मूलक विझवणे ही अवघड गोष्ट नाही. सीबीडीच्या अंगावर दोन फिनॉल गट आहेत, त्यामुळे ते असा इलेक्ट्रॉन देणार हे कागदावरच कळते. हळद, चहा, संत्र्याची साल, सगळ्यांनाच ते जमते. चौथ्या रकान्यात ‘डीपीपीएच’ एवढेच आले असेल, तर त्यावरून आजाराविषयी एक अवाक्षरही काढता येत नाही.

याहून वजनदार पुरावा कसा असतो, ते १९९८ च्या हॅम्पसन यांच्या निबंधात पाहावे. नोबेल विजेते ज्युलियस अॅक्सेलरॉड त्याचे सहलेखक होते. प्रयोगशाळेतील उंदरांच्या मेंदूतील पेशींवर त्यांनी घातक प्रमाणात ग्लुटामेट टाकले आणि सीबीडीने त्या पेशी क आणि ई जीवनसत्त्वांपेक्षा अधिक चांगल्या वाचवल्या. इथे मोजले आहे ते पेशीचे जगणे-मरणे, रंग नव्हे. आणखी एक तपशील बहुतेक लोक गाळतात: टीएचसीनेही तसाच गुण दाखवला होता. याच कामावर आधारलेले एकस्व, म्हणजे पेटंट, अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याला २००३ मध्ये मिळाले, आणि ‘सरकारनेच मान्य केले आहे’ असे जे फिरत असते त्याचे मूळ हे आहे. एकस्व म्हणजे कल्पनेवरचा मालकी हक्क. औषध गुणकारी असल्याची ती मोहोर नसते.

त्यापुढे प्राण्यांच्या ऊतींत काय मोजतात, ते पाहावे. मेदाम्लांची झालेली नासाडी दाखवणारे मॅलोनडायआल्डिहाइड, पेशीचे स्वतःचे संरक्षक ग्लुटाथायोन, एसओडी आणि कॅटलेज ही विकरे, आणि ही संरक्षक फळी उभी करणारे एनआरएफ-२ हे प्रथिन, अशी ती मोजमापे असतात. मधुमेही उंदरांच्या हृदयावरचा २०१० चा राजेश आणि पाखर यांच्या गटाचा अभ्यास या दृष्टीने चांगला आहे, कारण त्यात मूलकांबरोबरच हृदयाचा तंतुमयपणा आणि ठोक्याची ताकद अशी शरीराच्या कामाची मोजमापेही आहेत आणि ती एकाच दिशेने सुधारलेली दिसतात. रसायन आणि अवयवाचे काम, दोन्ही एकत्र मोजलेला निबंध मी नेहमी वरच्या गठ्ठ्यात ठेवते.

तरीही हात राखूनच. बीटा-कॅरोटीन हेही परीक्षानळीत नामांकित अँटिऑक्सिडंट होते. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ते तपासले, तेव्हा १९९४ मध्ये निकाल आला, की ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक होता. शरीराला मूलकांची गरजही असते, जंतू मारण्यासाठी आणि पेशीपेशींतल्या निरोपांसाठी.

माणसांवरच्या चाचण्या वाचताना

इथे वहीत पाचवा रकाना उघडावा: ‘मुख्य निकष’. चाचणी सुरू होण्याआधी संशोधकांनी कोणत्या एका मोजमापावर यशापयश ठरवायचे असे जाहीर केले होते, ते त्यात लिहावे आणि निकाल फक्त त्यावरच पाहावा. वीस गोष्टी मोजल्या तर एखादी निव्वळ योगायोगाने सुधारलेली दिसतेच.

आतड्याच्या दाहावर सीबीडीकडून मोठी आशा होती. २०१८ च्या एका चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ६० रुग्णांना सीबीडीयुक्त अर्काच्या किंवा दिसायला तशाच निष्क्रिय, म्हणजे प्लासिबो, कॅप्सूल दिल्या. आजार शमलेल्यांचे प्रमाण अर्काच्या गटात २८ टक्के आणि प्लासिबोच्या गटात २६ टक्के निघाले. क्रोन्स या आतड्याच्याच दुसऱ्या दाहाच्या रुग्णांवरील २०१७ च्या छोट्या चाचणीत दिवसातून दोनदा १० मिलिग्रॅम देऊन फायदा दिसला नाही. पण आपला दुसरा रकाना भरलेला असेल, तर २० मिलिग्रॅम हा डोस उंदरांच्या हिशोबाने किती तोकडा आहे हे लगेच ध्यानात येते. ‘काम करत नाही’ आणि ‘पुरेसे दिलेच नाही’ या दोन निकालांत फरक करावा. हातांच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्या १३६ रुग्णांवरची डेन्मार्कमधील २०२१ ची चाचणी १२ आठवडे चालली, डोस रोज २० ते ३० मिलिग्रॅम होता, आणि वेदना दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच कमी झाल्या. दोन्ही गटांत, हे लक्षात घ्यावे. प्लासिबोनेही माणसाला बरे वाटते, आणि ‘मला तर फरक पडला’ हे शेजाऱ्याचे प्रामाणिक सांगणे म्हणूनच पुरावा ठरत नाही.

विदर्भातील वाचकाला आणखी एक चाचणी ठाऊक असावी. सिकलसेलच्या आजारात रक्तवाहिन्यांतला दाह आणि ऑक्सिडेशनचा ताण दोन्ही मोठे असतात, त्यामुळे सीबीडी त्यावर चालेल असे कागदावर सहज लिहिता येते. आणि नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातला वेदनेने कळवळणारा मुलगा ज्याने पाहिला आहे, त्याला ते खरे व्हावेसेही वाटते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात २३ प्रौढ रुग्णांनी टीएचसी आणि सीबीडी जवळपास सारख्या प्रमाणात असलेल्या कॅनाबिसची वाफ पाच दिवस ओढली, आणि दुसऱ्या खेपेला तेवढेच दिवस प्लासिबोची. वेदनेत लक्षणीय फरक निघाला नाही. रुग्ण थोडे आणि दिवस पाचच, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. पण कोणी या आजारासाठी थेंब विकत असेल, तर हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचे नेहमीचे औषध बंद करून ते घेऊ नयेत, हे त्या घरी जाऊन सांगण्याइतके महत्त्वाचे आहे.

सीबीडीने स्वतःला सिद्ध केले ते वेगळ्याच ठिकाणी, लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांत. ड्रॅव्हे आजाराच्या १२० रुग्णांवरील २०१७ च्या चाचणीत महिन्याच्या झटक्यांची मध्यगा सीबीडीच्या गटात १२.४ वरून ५.९ वर आली, प्लासिबोच्या गटात १४.९ वरून १४.१ वर. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झाले. त्याचा डोस प्रति किलो १० ते २० मिलिग्रॅम रोज असा असतो, म्हणजे वीस किलोच्या मुलालाही २०० मिलिग्रॅमपासून पुढे. आणि हा परिणाम दाह कमी झाल्यामुळे झाला, असे त्या चाचणीने मोजलेले नाही. एका आजारातले यश दुसऱ्या आजाराच्या खात्यावर जमा करू नये.

बाटली हातात आल्यावर

गेल्या उन्हाळ्यात त्रिमूर्तीनगरला आमच्या काकाजींनी अशीच एक बाटली टीपॉयवर ठेवली. ‘पाहून सांग बाई, तूच तर शिकवतेस हे सगळं,’ म्हणाले. आम्ही दोघांनी ती ज्या क्रमाने तपासली, तोच क्रम इथे देते.

आधी लेबल. त्यावर ‘हेम्प सीड ऑइल’ एवढेच असेल, तर ते बियांचे खाद्यतेल आहे. बियांत सीबीडी नगण्य असते आणि पुढचे गणित करण्याची गरज नाही. काकाजींच्या बाटलीवर ‘विजया अर्क १,५०० मिग्रॅ, ३० मिली’ असे होते. विजया हे भांगेचे आयुर्वेदातले नाव. अशी औषधे राज्याच्या आयुष परवान्याने बनतात, आणि भांग औषध कायद्याच्या ई-१ परिशिष्टात असल्यामुळे वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना लेबलावर छापावी लागते. परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि ही सूचना, यांपैकी काहीही नसलेली बाटली परत करावी. फुलोऱ्यापासून, म्हणजे गांजापासून केलेला माल बाळगणे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, तेव्हा ‘ओळखीतून’ आलेल्या बिनलेबलाच्या बाटलीला हातही लावू नये.

मग मात्रा. १,५०० भागिले ३० म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. ड्रॉपरने एक मिलिलिटर औषध मापात सोडत आम्ही थेंब मोजले, ते ३२ भरले. पाण्याचे वीस धरतात, पण तेलाचा थेंब लहान पडतो. म्हणजे एका थेंबात दीड मिलिग्रॅमहून थोडे अधिक, आणि काकाजींच्या सकाळ-संध्याकाळ पाच-पाच थेंबांत साडेपंधरा. डेन्मार्कच्या ज्या चाचणीत काहीच साधले नाही, तिच्याहूनही कमी. त्यातही हे आकडे अर्काचे आहेत, सीबीडीचे नव्हेत. अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे लेबलावर नव्हते. ते दाखवणारा त्याच बॅचचा तपासणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. बाटली मे महिन्यात कुरिअरच्या गाडीतून आली होती हेही नोंदवले, कारण हवा, उजेड आणि उष्णता यांनी सीबीडी हळूहळू नष्ट होते.

शेवटी सोबतची औषधे, आणि जीवावर बेतण्यासारखी गोष्ट असते ती इथेच. सीबीडी यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांच्या आड येते. क्लोबाझाम या अपस्मारावरच्या औषधाबरोबर घेतल्यास त्याचा क्रियाशील अंश रक्तात साचून गुंगी वाढते; व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्याच दुसऱ्या औषधाबरोबर रक्तातली यकृताची विकरे वाढण्याचा धोका असतो; रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफॅरीनचा परिणाम वाढल्याची नोंदही झालेली आहे. काकाजींनी गोळ्यांचा डबा आणला. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर ते सात वर्षे वॉरफॅरीनवर आहेत, आणि थेंब सुरू केल्याचे त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना सांगितले नव्हते, ‘ते तर आयुर्वेदिक आहे ना’ म्हणून.

मी वहीत त्यांच्या नावाची ओळ लिहिली. कशात: माणूस, वय ७१. किती: दिवसाला साडेपंधरा मिलिग्रॅम अर्क, त्यातले सीबीडी अज्ञात. कोणत्या वाटेने: तोंडाने, जेवणानंतर. चौथा रकाना रिकामा होता. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी थेंब थांबवायला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासायला सांगितले. चौथ्या रकान्यात मी ‘आयएनआर’, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप, असे लिहिले आणि पुढे आकड्यासाठी जागा सोडली.